पुढच्या पेटीचं वजन

३ जून २०२४

शुक्रवारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. एकतीस वर्षं मी घड्याळाच्या धाकात जेवलो आणि जाताना हातात पुन्हा घड्याळच. सिंधु म्हणाली, "लावा समोर. आता नुसतं बघत बसा."

आज सकाळी सवयीने उठलो, आंघोळ केली आणि डबा मागितला. तिने भरून दिला. मी अंगणात बसून खाल्ला.

ही वही घड्याळाबरोबरच मिळाली. रोज लिहिणार नाही. वर्कशॉपमध्ये कामापुरतंच लिहायचो. ड्रायव्हर गाडी आणून लावायचा, लॉगशीटवर तक्रार लिहायचा: ब्रेक ओढतो, स्टेअरिंग जड. आम्ही दुरुस्ती करायचो, समोर 'काम केले' असं लिहून सही ठोकायचो. तक्रार लिहिलेली नसेल तर गाडी ठीक समजायची, लावा मार्गाला. इतका सरळ कारभार मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

९ जून

शेजारचे प्राध्यापक बदली होऊन गेले. जाताना त्यांची बॅटरीची सायकल मी घेतली. मागच्या चाकात मोटर आहे. पायडल मारलं की पाठीवर कुणी हात ठेवून ढकलावं तशी पुढे जाते.

सिंधुला म्हणालो, "यंदा येळवसीला तुला चाकूरला नेतो."

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. लातूरकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, आंबील, खीर. सिंधुचं माहेर चाकूरचं, तिला दिवाळीपेक्षा येळवस मोठी. पण सणाला जादा गाड्या सुटायच्या आणि मला रजा नसायची. बत्तीस वर्षांत ती तीनदा गेली, तिन्ही वेळा एकटी. आम्हाला मूलबाळ नाही, हे एकदाच लिहून ठेवतो. त्यामुळे ती गेली की घरात मी आणि गळका नळ, एवढेच.

"सायकलीवर? मला मागं बसवून?" ती म्हणाली. "टायर बसंल की खाली."

मी बेत सांगितला. मी सायकलीवर, मागे सामानाची दोन चाकांची गाडी जोडायची. नांदेडहून लोहा, अहमदपूर, मग चाकूर. तीन दिवस. तिने एसटीने पुढे जायचं आणि मुक्कामाला भेटायचं. ती हसली आणि म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे नाहीच.

२३ जून

सिंधु पाच दिवस लातूरला होती, केवळाअक्काकडे. अक्का तिची थोरली बहीण, गुडघ्यांनी बेजार. मी पाच दिवस हॉटेलची पोळी खाल्ली.

परत आली ती वेगळीच. चहा होण्याआधी म्हणाली, "येळवसीला जायाचंच. गाडी बनवा तुमची." मी म्हणालो, लातूरचं पाणी मानवलेलं दिसतंय. ती म्हणाली, "पण एक अट हाय. तुम्ही रांधायला शिकायचं."

"तू असणारच की मुक्कामाला."

"अन् बस मागं ऱ्हायली तर? वाटंत कुठं अडकलात तर काय बोल्ट चावून खाताव?"

मुद्दा बरोबर होता. उद्यापासून वरण.

७ जुलै

गाडीचा सांगाडा झाला. चौकोनी पाइप, लहान मुलांच्या सायकलीची दोन चाकं, दांडा वाकवून डावीकडून पुढे आणला. वेल्डिंग मी स्वतः केलं आणि ते चांगलं झालंय, हेही मीच लिहितो.

जोडायचं कुठे, यावर आठ दिवस गेले. आधी सीटखालच्या नळीला जोडलं. वळताना गाडी सायकलीला बाजूला खेचायची. खाली, मागच्या चाकाच्या आसाला जोडावं तर तिथून मोटरची वायर निघते. एकदा नट आवळताना वायर चेपली आणि मोटर मुकी झाली. शेवटी आसाशेजारी फ्रेमला पोलादी पट्टी लावली, भंगारातल्या मोटारीचा बॉल जॉइंट बसवला, वर जोखीम नको म्हणून पट्टा. आता गाडी सगळीकडे वळते आणि सायकलीला कळतही नाही.

सिंधुने पाहिलं. म्हणाली, "नाकापरीस मोती जड झालाय." मग दांडा हातात धरून विचारलं, "हे एकट्याला जोडता येतं?" येतं म्हणालो. तिने मला तीनदा सोडायला आणि जोडायला लावलं. ती बघत होती, घड्याळ लावल्यासारखी.

वरण जमलं. मीठ दोनदा पडलं.

२८ जुलै

आज सामान भरून फिरवली तर वेग घेतला की गाडी शेपूट हलवायला लागली. डावी-उजवी, डावी-उजवी. पडता पडता वाचलो.

मग वडील आठवले. गावाकडे बैलगाडी भरताना ते आधी पुढून भरायचे. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. ओझं किती यापेक्षा ते कुठे, याला महत्त्व. इतकी वर्षं बसगाड्यांत घालवून मी बैलगाडी विसरलो होतो.

आता पुढे एक वेगळी पेटी केली. त्यात नेमकं बारा किलो पाहिजे. कमी झालं तर शेपूट हलतं, जास्त झालं तर सायकल दबते. ही पेटी सिंधुच्या ताब्यात दिली, तिच्या स्वयंपाकाच्या सामानासाठी. मी म्हणालो, "तू भरशील ती पेटी गाडीला सरळ ठेवणार." ती लगेच आत गेली. जरा वेळाने पाहिलं तर पदराने डोळे पुसत होती. कांदा चिरत असावी.

वहीचं शेवटचं पान आखून तिला दिलंय. डावीकडे तक्रार, उजवीकडे 'काम केले' आणि माझी सही. तपासणीचं काम तिचं. पहिली तक्रार लगेच आली: "झाकण जड हाय. एका हातानं उघडलं पाहिजे. दुसरा हात कुणाचा आसंल तिथं?"

बिजागरी बदलली. सही केली.

१८ ऑगस्ट

श्रावण चालू आहे. सिंधुचे सोमवार, शनिवार, आणखी कुठले कुठले उपवास. बरीच वाळलीय. ब्लाउज सगळे मशीनवर बसून आत घेतले, बांगड्या कोपरापर्यंत जातात. मी म्हणालो, "बायको हलकी झाली, एसटीचं डिझेल वाचलं." हसली. हसताना कमरेत वाकली आणि पोटाला हात लावून थांबली. काय झालं विचारलं तर, "तुमचंच बोलणं. हासून हासून दुखाया लागलं."

दर तीन आठवड्यांनी लातूर. अक्काचे गुडघे काही सुधरत नाहीत. मला राग येतो, अक्काला सुना आहेत की. पण बोललो नाही.

पिठलं जमलं. भाकरी थापताना तुटते. ती म्हणते तुटू द्या, पोटात गेल्यावर कोण बघतंय.

५ सप्टेंबर

आज तिने गॅसच्या नंबराचा कागद कुठे आहे, विजेच्या बिलाची तारीख, कणकेला येणाऱ्या अळ्यांचा उपाय, असं सगळं सांगितलं. प्रवासाशी याचा काय संबंध, विचारलं. म्हणाली, "शिकताच हाव तर सगळंच शिका."

बायकांना एकदा शिकवायला कुणी सापडलं की सोडत नाहीत.

२९ सप्टेंबर

भार घालून पहिली खरी चाचणी. अर्धापूरपर्यंत, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. एकट्या सायकलीला बॅटरी पस्तीस पुरते, गाडी जोडल्यावर पंचवीस. म्हणजे दर टप्प्याला कुठेतरी ढाब्यावर तासभर चार्जिंग आणि चहा. उतारावर गाडी मागून ढकलते, ब्रेक आधीच धरावा लागतो.

सिंधु ठरल्याप्रमाणे एसटीने पुढे गेली. मी पोचलो तेव्हा केळीच्या बागेच्या कडेला झाडाखाली बसली होती. मला लांबूनच दिसली. एवढ्या लांबून ती फार लहान दिसली, शाळेतली पोर असावी तशी.

मी स्टोव्ह लावला, खिचडी केली. ती बसून राहिली, हात लावला नाही. मीठ बरोबर होतं. तिने दोन घास खाल्ले, म्हणाली, "चांगली झालीय. समदी तुम्हीच केली ना?" समदी. ती माझ्याकडे इतका वेळ बघत होती की मलाच लाज वाटली. एवढं कौतुक माझं निरोप समारंभातही झालं नव्हतं.

आजच्याइतका आनंदाचा दिवस नोकरीत कधी आला नाही.

१४ ऑक्टोबर

गाडी तयार. मागे लाल फडकं, रिफ्लेक्टर, पावसाचा कपडा तिने शिवलेला. पुढची पेटी तिने अडीच महिने आधीच भरली, ताणकाट्याला लावून. बारा किलो, काटा हलला नाही. म्हटलं इतकी घाई कशाला. तर म्हणे, टिकणारंच सामान घातलंय.

संध्याकाळी शेवटच्या पानावर काहीतरी लिहीत होती. वाचायला गेलो तर वही मिटली. "निघाल्यावर वाचा."

२५ ऑक्टोबर

सोमवारी सिंधुला चक्कर आली, न्हाणीघरात पडली. डोळे पिवळे. मला वाटलं कावीळ. दवाखान्यात दाखल केली. अक्का लातूरहून आली, तिचे गुडघे जिना चढायला चांगले आहेत.

डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून काही त्रास? मी सांगितलं, "नाही. काही तक्रार नव्हती." डॉक्टरांनी अक्काकडे पाहिलं. अक्का खाली बघत होती. मी पुन्हा सांगितलं, बत्तीस वर्षांत या बाईची तक्रार नाही.

१७ नोव्हेंबर

सिंधु गेली. शनिवारी, नऊ तारखेला सकाळी.

१ डिसेंबर

लोक येणं थांबलं. आज वरण-भात केला. चव घेऊन मीठ घातलं. दोन ताटं काढली, एक परत ठेवलं.

मला फार रडू येतं. हे लिहायला लाज वाटत नाही. वीस दिवसांत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. कुणाला उशीर झाला? बस फाटकातून आत आली की नुसत्या आवाजावरून मी सांगायचो कुठलं बेअरिंग गेलंय. इतका कान असून घरात असं एकाएकी झालं. मी त्यात काय करू शकत होतो?

वहीचं शेवटचं पान उघडलेलं नाही. ती म्हणाली होती निघाल्यावर वाचा. मी निघणार नाही.

१९ डिसेंबर

गाडी अंगणात तशीच उभी आहे. आज कपडा काढून पुसली, हवा भरली. हवा भरायला काय जातं.

चाकूरहून सिंधुच्या भावाचा, श्रीशैलचा फोन आला. "दाजी, येळवस तीस तारखंला हाय. ताईनं तुम्हाला घेऊन यायला सांगितलं होतं. मी जीप घेऊन येतो."

मी म्हणालो, जीप नको.

२७ डिसेंबर, लोहा

निघालो. सकाळी थंडी होती, हात बधिर. पुढची पेटी मी उघडली नव्हती, तिने भरली तशीच होती. भीती होती गाडी शेपूट हलवेल. नाही हलली. तेहतीस किलोमीटर सरळ आली. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने, मागे दोन ट्रॉल्या असलेल्या, मला पाहून मान हलवली. मीही हलवली. धंद्यातली माणसं.

दुपारी ढाब्यावर बॅटरी लावली आणि पेटी उघडली. झाकण एका हाताने उघडलं. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ, तिखट, प्रत्येक डबीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी: दोन मुठी, एक चमचा. ताट एकच. वाटी एक, पेला एक. यादी केली तेव्हा दोन-दोन लिहिलं होतं. घाईत विसरली असेल. वजन भरायला तळाशी घरचा वरवंटा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. तो कधीपासून दिसत नव्हता. मी काही मसाला वाटत नाही, त्यामुळे शोधलाही नाही.

मुक्काम नागुबाईंकडे. नांदेडात दहा वर्षं आमच्या शेजारी होत्या. मी दारात सायकल लावली तर त्यांनी अंघोळीचं पाणी तापवून ठेवलेलं. बाज टाकलेली, एक.

जेवताना म्हणाल्या, "भाऊ, दोन दिस ऱ्हावा. सिंधुबाई सांगून गेल्यात, दोन दिस ठेवून घे म्हून."

मी विचारलं, कधी सांगितलं?

"आखाडात. लातूरहून जाताना उतरल्या होत्या हितं. म्हणल्या, आमचे हे डिसेंबरात सायकलीवर येतील, एकटेच. त्यास्नी म्या विचारलं, तुम्ही न्हाई येणार व्हय? तर हासल्या."

आषाढ म्हणजे जुलै. जुलैत गाडीचा नुसता सांगाडा झाला होता. मी हातातला घास ताटात ठेवला. नागुबाईंना वाटलं भाजी तिखट झाली, त्यांनी दही आणलं.

२८ डिसेंबर, अहमदपूर

माळाकोळीचा चढ. बॅटरी संपली, उतरून ढकलत आणली. सगळ्या वाटेवर एकच शब्द डोक्यात होता. एकटेच.

हे एकट्याला जोडता येतं? समदी तुम्हीच केली ना? दुसरा हात कुणाचा असेल तिथं?

आगारात जुन्या ओळखीवर झोपायला जागा मिळाली. डाळ केली, त्या चिठ्ठीवर लिहिलं होतं तशी. चांगली झाली. अर्धी तशीच उरली.

२९ डिसेंबर, चाकूर

दुपारी पोचलो. श्रीशैलच्या घरी अक्का आली होती. मी हातपायही धुतले नाहीत. विचारलं, "अक्का, तुमच्या गुडघ्यांना काय झालं होतं?"

अक्काने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "माझ्या गुडघ्याला काही न्हवतं, दाजी. जूनमधी तिनं मला पोट दाखवलं. लातूरला डॉक्टरकडं नेलं. ते म्हणले, लई पसरलंय, कापून उपेग न्हाई. औषधाला तेवढी यायची, दुखणं कमी व्हायची गोळी."

"मला का नाही सांगितलं?"

"म्या लई म्हणलं, सांग. तिनं गळ्याची आण घातली. म्हणली, अक्का, त्यांची आत्ता कुठं सुट्टी लागलीया. सहा महिने तरी हासू दे. अन् त्यांना चहासुदिक करता येत न्हाई, तेवढं शिकवू दे. सांगितलं तर ते माझ्या उशाशी बसून ऱ्हातील, शिकणार काहीच न्हाईत."

मला अक्काचा राग आला नाही. बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो. पट्टा सोडला, पुन्हा लावला.

३० डिसेंबर, येळवस

सकाळी सगळे शेतात. ज्वारी कमरेच्या वर आली आहे. कोप बांधली, आत पाच दगड मांडून पूजा झाली. श्रीशैल आंबील शिंपडत कोपेभोवती फिरला, मागून सगळे ओरडत. मी माझ्या स्टोव्हवर पिठलं केलं, सिंधुच्या डब्यांतलं पीठ, सिंधुच्या चिठ्ठीतलं तिखट. येळवसीला पिठलं कुणी करत नाही. तरी सगळ्यांनी घेतलं. चांगुणा, श्रीशैलची बायको, म्हणाली, "वन्संच्या हातचं लागतंय." तिथे मला रडू फुटलं. सगळ्यांच्या देखत, घास तोंडात असताना. अक्काने पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसली.

सिंधु मला हे बघायला आणणार होती. मी म्हणत होतो मी तिला आणणार.

दिवस कलला तेव्हा बांधावर बसून वहीचं शेवटचं पान उघडलं. वरच्या तक्रारी ओळखीच्या. झाकण जड आहे. काम केले, सही. मागून दिसत नाही, लाल फडकं लावा. काम केले, सही. पाणी आत येतं. काम केले, सही. सगळ्या तक्रारी गाडीच्या. त्याखाली चौदा ऑक्टोबरची तारीख घालून तिने लिहिलं होतं:

"गाडी चांगली झाली. एका माणसाला झेपते. माझी तक्रार काही नाही."

समोरचा रकाना मोकळा. सहीसाठी सोडलेला.

तक्रार नसेल तर गाडी ठीक समजायची. एकतीस वर्षं मी हे वर्कशॉपमध्ये केलं आणि तेच घरी आणलं. वाळत गेलेले हात बघितले, सैल बांगड्या बघितल्या, पोटाला लावलेला हात बघितला. कागदावर काही नव्हतं म्हणून मार्गाला लावली.

पेन काढलं आणि तिच्या ओळीखाली लिहिलं: तक्रार होती. मेकॅनिकने विचारली नाही.

खाली सही केली. 'काम केले' हा रकाना मोकळा ठेवला.